वाय-फाय सुरक्षा: वेपपासून डब्ल्यूपीए३पर्यंत (आयटीच्या विद्यार्थ्यांसाठी)

बिनतारी (धागाकर्ता)

डिप्लोमा असो, बीएस्सी आयटी असो की इंजिनिअरिंग, वायरलेस सुरक्षेच्या प्रकरणात एक तक्ता असतोच: वेप, डब्ल्यूपीए, डब्ल्यूपीए२, डब्ल्यूपीए३ या वाय-फाय सुरक्षेच्या एकामागून एक आलेल्या पद्धती, समोर साल, सायफर (मजकूर झाकायची गणिती रीत), किल्लीची लांबी. तक्ता पाठ करून परीक्षेचे मार्क मिळतात. मुलाखतीत मात्र "पासवर्ड हवेतून जातच नाही, मग डब्ल्यूपीए२ फुटतं कसं?" एवढं विचारलं की बहुतेक मुलं थांबतात. त्या प्रश्नाचं उत्तर नीट देता यावं यासाठी हा धागा. ज्यांना जो भाग पक्का माहीत आहे त्यांनी भर घालावी.

आधी गृहीतक. तारेच्या नेटवर्कवर ऐकायचं तर केबलपर्यंत किंवा स्विचच्या पोर्टपर्यंत पोचावं लागतं. वाय-फायमध्ये कार्ड मॉनिटर मोडला (नुसतं ऐकायच्या स्थितीत) टाकलं की नेटवर्कला न जोडताही आजूबाजूच्या सगळ्या फ्रेम, म्हणजे हवेतून जाणारे डेटाचे तुकडे, मिळतात. हे थांबवायचा मार्ग नाही. राउटरची पॉवर कमी केली तरी समोरचा चांगला दिशादर्शी अँटेना लावू शकतो. म्हणून प्रत्येक फ्रेमची प्रत हल्लेखोराकडे आहे असं धरूनच पुढचं सगळं वाचा.

वेप १९९७च्या मूळ ८०२.११ या वाय-फायच्या मानकात आलं. आरसी४ हा स्ट्रीम सायफर, ४० किंवा १०४ बिटांची किल्ली आणि तिच्या पुढे जोडलेला २४ बिटांचा आयव्ही (दर फ्रेमला बदलणारी सुरुवातीची संख्या). खोक्यावर लिहिलेले ६४ आणि १२८ बिट हे आयव्ही धरून असतात. आयव्ही प्रत्येक फ्रेममध्ये उघडा जातो. २४ बिटांत किंमती मावतात फक्त १,६७,७७,२१६. त्या यादृच्छिक निवडल्या तर साधारण ४,८०० फ्रेममध्येच एखादी पुन्हा येण्याची शक्यता ५० टक्के होते. तोच आयव्ही आणि तीच किल्ली म्हणजे तोच कीस्ट्रीम (मजकुराशी बिट-बिट एक्सऑर होणारा प्रवाह). दोन सायफरटेक्स्ट एक्सऑर केले की कीस्ट्रीम गळून पडतो आणि दोन मूळ मजकुरांचा एक्सऑर हाती राहतो.

खरा घाव वेगळा होता. २००१ मध्ये फ्लुरर, मँटिन आणि शमीर यांनी दाखवलं की आरसी४ला किल्ली अशा पद्धतीने दिली तर काही आयव्ही किल्लीचे बाइट फोडून देतात. २००७च्या सुधारित हल्ल्यात सुमारे ४०,००० पॅकेट मिळाली की १०४ बिटांची किल्ली ५० टक्के शक्यतेने निघते, आणि गणित एका मिनिटाच्या आत संपतं. शिवाय अखंडतेसाठी (मजकूर वाटेत बदलला नाही ना हे बघायला) वापरलेला सीआरसी-३२ रेषीय आहे, त्यामुळे किल्ली माहीत नसताना मजकुराचे बिट उलटवून सीआरसीही जुळवता येतो.

उत्तरपत्रिकेत हे जरूर लिहा: वेपमध्ये पासवर्ड कितीही चांगला असला तरी फरक पडत नाही. डब्ल्यूपीए२मध्ये हे उलटं होतं, तिथे जवळजवळ सगळा भार पासवर्डवरच येतो.

२००३चं डब्ल्यूपीए ही तात्पुरती सोय होती. बाजारातल्या कार्डांत आरसी४ची चिप बसलेली, ती बदलणं शक्य नव्हतं. म्हणून फर्मवेअर अपडेटने चालेल असं टीकेआयपी केलं: प्रत्येक पॅकेटला वेगळी मिसळलेली किल्ली, ४८ बिटांचा क्रमांक आणि 'मायकेल' नावाची अखंडता तपासणी. पूर्ण उपाय म्हणजे ८०२.११आय, २००४. त्यावर उभं डब्ल्यूपीए२: एईएस हा सायफर, तो वापरायच्या सीसीएमपी पद्धतीने.

गौरी_आयटी

मूळ प्रश्नच विचारते. फोन राउटरला जोडताना होणाऱ्या चार टप्प्यांच्या हँडशेकमध्ये पासवर्ड कुठेच पाठवला जात नाही, असं पुस्तकात आहे. मग पकडलेल्या फ्रेमवरून पासवर्ड कसा काढतात?

पाचवा_थर

तो काढत नाहीत, अंदाज तपासतात. क्रमाने बघा.

पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव, म्हणजे एसएसआयडी, पीबीकेडीएफ२ या किल्ली बनवणाऱ्या सूत्रात घालतात. आत एचमॅक-शा१ हा हॅश, ४,०९६ फेऱ्या, बाहेर पडते २५६ बिटांची पीएमके, म्हणजे मुख्य किल्ली. नाव इथे सॉल्ट म्हणून वापरलं जातं, म्हणजे तोच पासवर्ड असला तरी नाव वेगळं तर किल्ली वेगळी. (कंपनीने दिलेलं सर्वत्र सारखं असणारं नाव बदलावं ते याचसाठी. प्रचलित नावांसाठी आधीच मोजून ठेवलेले तक्ते उपलब्ध असतात.)

पहिल्या संदेशात राउटर आपला नॉन्स (एकदाच वापरायचा यादृच्छिक आकडा) पाठवतो, उघडा. फोन स्वतःचा नॉन्स तयार करतो. पीएमके, दोन नॉन्स आणि दोन मॅक पत्ते (उपकरणांचे ओळखक्रमांक) यांतून पीटीके, म्हणजे त्या जोडणीपुरती किल्ली, निघते. सीसीएमपीसाठी ती ३८४ बिटांची: पहिले १२८ केसीके (संदेशावर शिक्का करायला), पुढचे १२८ केईके (दुसरी किल्ली झाकायला), उरलेले १२८ प्रत्यक्ष डेटाची किल्ली. दुसऱ्या संदेशात फोन आपला नॉन्स उघडा पाठवतो आणि सोबत केसीकेने केलेला एमआयसी, म्हणजे संदेशाचा शिक्का. तिसऱ्यात राउटर गटाची किल्ली, जीटीके, केईकेने झाकून देतो. चौथा फक्त पोच.

आता ऐकणाऱ्याकडे काय काय आहे? एसएसआयडी, दोन्ही नॉन्स, दोन्ही मॅक, दुसऱ्या संदेशाचा मजकूर आणि त्याचा एमआयसी. नाही फक्त पासवर्ड. एक अंदाज घ्यायचा, पीएमके काढायची, पीटीके काढायची, एमआयसी काढून पकडलेल्याशी जुळवायचा. जुळला तर अंदाज बरोबर. हे सगळं घरी बसून होतं, राउटरला पत्ता लागत नाही, तो अडवूही शकत नाही. फ्रेम तरी किती लागतात? पहिले दोन संदेश पुरतात.

२०१८ मध्ये हॅशकॅट या पासवर्डचे अंदाज तपासणाऱ्या साधनाच्या कर्त्याने आणखी सोपी वाट दाखवली. बरेच राउटर पहिल्याच संदेशात पीएमकेआयडी देतात. ती पीएमकेने काढलेला एचमॅक-शा१ असते, मजकूर ठरावीक शब्द आणि दोन मॅक. म्हणजे नेटवर्कवर एकही फोन नसताना राउटरकडूनच तपासण्याजोगी वस्तू मिळते.

मेघना_के

पाचवा_थर यांनी लिहिलंय त्याला आकडे जोडते, कारण 'स्ट्राँग पासवर्ड ठेवा' या वाक्याने काहीच कळत नाही. आरटीएक्स ४०९० हे एक ग्राफिक्स कार्ड डब्ल्यूपीए२चे सेकंदाला साधारण २५ लाख अंदाज तपासतं. या वेगाने सगळ्या शक्यता संपवायला लागणारा वेळ:

आठ आकडे: १० कोटी शक्यता, ४० सेकंद.
मोबाइल नंबर: आपल्याकडे पहिला आकडा ६ ते ९, म्हणून ४०० कोटी. सुमारे २७ मिनिटं.
आठ छोटी इंग्रजी अक्षरं, खरोखर यादृच्छिक: जवळपास २३ तास.
बारा अक्षरं, छोटी अक्षरं आणि आकडे मिसळून, यादृच्छिक: सुमारे ६०,००० वर्षं.
७,७७६ शब्दांच्या यादीतून फासे टाकून निवडलेले चार शब्द: ४६ वर्षं. पाच शब्द: ३.६ लाख वर्षं.

सरासरीने याच्या निम्म्या वेळात सापडतो, आणि दहा कार्डं लावली तर वेळ दहा पटीने कमी. चार शब्दांवर थांबू नका ते म्हणूनच.

आपल्याकडे घरोघरी पासवर्ड तीनच प्रकारचे दिसतात: मोबाइल नंबर, मुलाचं नाव ॲट जन्मसाल, नाहीतर सोसायटीचं नाव आणि १२३. दुसरा प्रकार लोकांना भक्कम वाटतो कारण त्यात कॅपिटल अक्षर, चिन्ह, आकडा सगळं आहे. मोजून बघा: १०,००० नावं, चार आकड्यांची १०,००० रूपं, वर कॅपिटल आणि चिन्हाचे दहा पर्याय. १०० कोटी. सात मिनिटांच्या आत संपतं.

पासफ्रेज ८ ते ६३ अक्षरांची चालते. पाच शब्द मध्ये डॅश देऊन लिहिले तर टीव्हीच्या रिमोटवरूनही टाकता येतात. फक्त शब्द आपण मनाने निवडायचे नाहीत. म्हण, गाण्याची ओळ, अभंगाचा चरण रोमन लिपीत लिहिला तरी तो यादृच्छिक होत नाही.

सह्याद्री४२

राउटरच्या मेनूमध्ये एसएसआयडी लपवणं, मॅक फिल्टर आणि डब्ल्यूपीएस असतात. यांपैकी काय ठेवायचं? व्हायव्हामध्ये हे हमखास विचारतात.

बिनतारी

डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता पिनने किंवा बटणाने जोडायची सोय, बंद. यावर दुमत नको. आठ आकडी पिनमधला शेवटचा आकडा चेकसम (बाकीच्यांवरून निघणारा), म्हणजे उरले सात. त्यातही राउटर पहिले चार आणि पुढचे तीन वेगवेगळे तपासतो आणि पहिला अर्धा चुकला तर तिथेच नकार देतो. त्यामुळे १ कोटीऐवजी १०,००० अधिक १,०००, एकूण ११,००० प्रयत्न. चुकीच्या प्रयत्नांवर कुलूप लावत नसेल तो राउटर काही तासांत उघडतो आणि पिन मिळाली की तो पासवर्ड स्वतःच देऊन टाकतो, मग पासवर्ड ६३ अक्षरांचा का असेना. हे २०११च्या डिसेंबरपासून जाहीर आहे. २०१४च्या 'पिक्सी डस्ट'मध्ये तर राउटरचे यादृच्छिक आकडेच कच्चे निघाले आणि काही चिपसेटची पिन एकाच देवाणघेवाणीतून ऑफलाइन निघू लागली. बटण दाबून जोडायची पद्धत दोन मिनिटंच उघडी असते, ती त्यामानाने बरी. पण बऱ्याच मेनूंत पिन आणि बटण वेगळे बंद करता येत नाहीत.

लपवलेलं नाव: राउटर सतत पाठवतो त्या बीकन फ्रेममध्ये रिकामं जातं, पण कुठलाही फोन जोडताना प्रोब आणि असोसिएशन फ्रेममध्ये ते उघडं येतं. वर तोटा असा की, लपवलेलं नेटवर्क सेव्ह केलेला फोन बाहेर गेल्यावरही ते नाव घेऊन हाका मारत राहतो. मी ते चालू ठेवायला सांगत नाही.

मॅक फिल्टर: फ्रेम एन्क्रिप्ट झाली तरी पत्ते उघडेच असतात. परवानगी असलेला पत्ता बघून घ्यायचा आणि आपल्या कार्डला लावायचा, एवढंच. आता ॲन्ड्रॉइड १० आणि आयओएस १४पासून फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा बनावट मॅक दाखवतात, त्यामुळे फिल्टर लावलं की घरच्यांचाच फोन अडतो. मग कोणीतरी फोनमधली ती गोपनीयता बंद करतं. नुकसान दुप्पट.

टिळकरोड

मिश्र मोडबद्दल कोणी लिहिलं नाही. 'डब्ल्यूपीए/डब्ल्यूपीए२ मिक्स्ड, टीकेआयपी+एईएस' हा पर्याय अजून अनेक राउटरवर दिसतो. त्यात नव्या फोनची स्वतःची किल्ली एईएसची असली, तरी गटाची किल्ली सगळ्यांना एकच लागते, म्हणून ब्रॉडकास्ट वाहतूक टीकेआयपीवर उतरते. शिवाय ८०२.११एनचे वेग टीकेआयपीसोबत चालत नाहीत, टीकेआयपीने जोडलेलं उपकरण ५४ एमबीपीएसवर अडकतं. '१०० एमबीपीएसचा प्लॅन आहे पण वाय-फायवर २० मिळतात' या तक्रारीत हा पर्याय आधी तपासा. विंडोजवर जोडलेल्या नेटवर्कच्या गुणधर्मांत सुरक्षेचा प्रकार दिसतो, आणि कमांड प्रॉम्प्टवर नेट-एसएच-डब्ल्यूलॅनच्या 'शो इंटरफेसेस'मध्ये सायफरही. तिथे सीसीएमपी किंवा जीसीएमपी (दोन्ही एईएसचे) दिसलं पाहिजे.

डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिश्र मोडचा धोका वेगळा. डब्ल्यूपीए३च्या एसएई या नव्या हँडशेकमध्ये प्रत्येक अंदाजासाठी राउटरशी प्रत्यक्ष देवाणघेवाण करावी लागते, त्यामुळे ऑफलाइन तपासणी संपते. पण मिश्र मोडमध्ये पासवर्ड दोन्हीकडे तोच असतो. हल्लेखोर त्याच नावाचा, फक्त डब्ल्यूपीए२ बोलणारा खोटा राउटर उभा करतो, फोन दुसरा संदेश पाठवतो आणि एमआयसी हातात येतो. पुढे मेघना_के यांचं गणित लागू. म्हणून मिश्र मोड ठेवायचाच असेल तर पासवर्ड डब्ल्यूपीए२च्या हिशेबानेच निवडा.

माझ्या मते घरात उत्तम मांडणी अशी: मुख्य नाव फक्त डब्ल्यूपीए३वर. जुना प्रिंटर, स्मार्ट प्लग, टीव्ही यांसाठी गेस्ट नेटवर्क, २.४ गिगाहर्ट्झ, डब्ल्यूपीए२ एईएस, पासवर्ड वेगळा. मात्र गेस्टवर क्लायंट आयसोलेशन (उपकरणं एकमेकांना न दिसण्याची सोय) असेल तर फोनवरून प्रिंटर दिसणार नाही. छपाई हवी तर प्रिंटर मुख्य नेटवर्कला केबलने जोडा, हा सगळ्यात कमी कटकटीचा उपाय.

गौरी_आयटी

धन्यवाद, आता चित्र जुळतंय. दोन शंका. एक, डीऑथ हल्ला पासवर्ड नसताना कसा चालतो? दोन, डब्ल्यूपीए२वरच्या 'क्रॅक' या हल्ल्यात पासवर्ड फुटत नाही म्हणतात, मग नेमकं काय फुटतं?

पाचवा_थर

डीऑथ: 'जोडणी तोड' ही मॅनेजमेंट फ्रेम. मूळ रचनेत एन्क्रिप्शन आणि तपासणी फक्त डेटा फ्रेमना होती. त्यामुळे राउटरचा मॅक लावून कोणीही ती फ्रेम पाठवली की फोन निमूटपणे बाहेर पडतो. ८०२.११डब्ल्यू, २००९, याने या फ्रेमना संरक्षण दिलं. राउटरमध्ये ते पीएमएफ या नावाने असतं: बंद, ऐच्छिक, सक्तीचं. डब्ल्यूपीए३मध्ये सक्तीचंच. डब्ल्यूपीए२वर 'ऐच्छिक' ठेवा; 'सक्तीचं' केलं की जुनी उपकरणं जोडलीच जात नाहीत आणि लोक पासवर्ड चुकला समजून तासभर तोच टाइप करत बसतात.

क्रॅक, २०१७, संशोधक व्हॅनहोफ आणि पीसेन्स. तिसरा संदेश हरवला तर राउटर तो पुन्हा पाठवतो, हे मानकातच आहे. हल्लेखोर मध्ये राहून चौथा संदेश अडवतो, त्यामुळे तिसरा पुन्हा येतो. फोन तीच किल्ली पुन्हा बसवतो आणि पॅकेटचा क्रमांक पुन्हा सुरुवातीला नेतो. सीसीएमपी आत काउंटर मोड वापरतं, म्हणजे तोच क्रमांक आणि तीच किल्ली याचा अर्थ तोच कीस्ट्रीम. वेपमधलीच चूक, वेगळ्या दाराने आत आलेली. ॲन्ड्रॉइड ६च्या वेळच्या डब्ल्यूपीए सप्लिकंटमध्ये (वाय-फायची जोडणी सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) तर किल्ली पुसून टाकल्यानंतर पुन्हा बसवताना सगळी शून्यंच बसत. पासवर्ड बदलून याला काहीही उपयोग नाही, दुरुस्ती मुख्यतः फोन आणि लॅपटॉपच्या अपडेटमध्ये आहे.

सह्याद्री४२

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी हँडशेक स्वतः पकडून वायरशार्कमध्ये (फ्रेम उलगडून दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) बघायचा आहे. किमान सामान काय लागेल?

टिळकरोड

स्वतःचा एक जुना राउटर, स्वतःचा एक फोन, लिनक्स आणि मॉनिटर मोड असलेला यूएसबी अडॅप्टर. अथेरॉस एआर९२७१ चिपचा स्वस्त पडतो पण तो फक्त २.४ गिगाहर्ट्झचा. दोन्ही बँड हवे तर मीडियाटेक एमटी७६१२यू, त्याचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे. खरेदीआधी चिपचं नाव तपासा, मॉडेलचं नाही. एकाच मॉडेलच्या पुढच्या आवृत्तीत चिप बदललेली असते. व्हर्च्युअल मशीनमध्ये काम करणार असाल तर लॅपटॉपचं आतलं कार्ड आत साधी इथरनेट म्हणून दिसतं, म्हणून यूएसबी अडॅप्टरच लागतो.

राउटरवर डब्ल्यूपीए२ एईएस, चॅनल ऑटोवरून काढून ६ वर पक्का, रुंदी २० मेगाहर्ट्झ, ५ गिगाहर्ट्झ बंद. अडॅप्टर मॉनिटर मोडला टाकून त्याच चॅनलवर बसवा. कॅप्चर सुरू करा आणि फोनचं वाय-फाय बंद करून चालू करा. डीऑथ पाठवायची काही गरज नाही. वायरशार्कमध्ये ईएपीओएल (हँडशेकच्या संदेशांचा प्रकार) हे फिल्टर लावलं की चार फ्रेम दिसायला हव्यात.

दिसत नाहीत तेव्हा कारणं बहुधा हीच: नेटवर्क मॅनेजर इंटरफेस परत ओढून घेतो, कॅप्चरचं साधन एका चॅनलवर न थांबता फिरत राहतं, फोन ५ गिगाहर्ट्झवर गेलेला असतो. चारऐवजी दोनच फ्रेम मिळाल्या तर अडॅप्टर फोन आणि राउटर यांच्या मध्ये, दोन-तीन मीटरवर ठेवा. हँडशेक मिळतो पण पुढचा डेटा तुटक येतो, याचं कारण एआर९२७१ एकाच स्ट्रीमचा (एका वेळी एकच डेटाप्रवाह पकडणारा) आहे आणि फोन दोन स्ट्रीमवर बोलतो.

डेटा उघडायला वायरशार्कच्या ८०२.११ प्रोटोकॉलच्या पर्यायांत पासवर्ड आणि नाव, मध्ये कोलन, असं द्यायचं. ज्या जोडणीचा हँडशेक तुमच्या कॅप्चरमध्ये आहे तिचाच डेटा उघडेल.

हे सगळं स्वतःच्या राउटरवर. शेजाऱ्याच्या किंवा कॉलेजच्या नेटवर्कमध्ये परवानगीशिवाय शिरणं माहिती तंत्रज्ञान कायदा २०००च्या कलम ४३मध्ये बसतं, आणि गैरहेतूने केलं तर कलम ६६: तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. प्रोजेक्टसाठी मार्गदर्शकांची लेखी परवानगी घ्या.

मेघना_के

टिळकरोड यांच्या शेवटून दुसऱ्या मुद्द्यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. पासवर्ड माहीत असलेला आणि तुमचा हँडशेक पकडलेला माणूस तुमची पीटीके काढू शकतो. म्हणजे हॉटेलच्या भिंतीवर पासवर्ड लिहिलेलं डब्ल्यूपीए२ तिथल्या इतर गिऱ्हाइकांपासून तुम्हाला झाकत नाही.

रेल्वे स्टेशनचं मोफत वाय-फाय (जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरू झालं) वेगळ्या प्रकारचं. तिथे ओटीपी येतो म्हणून लोकांना ते सुरक्षित वाटतं. ओटीपी तुम्ही कोण हे नोंदवण्यासाठी असतो. २६ जुलै २००८च्या अहमदाबाद स्फोटांआधीचा ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वाय-फायवरून गेला होता, त्यामुळे अशी नोंद का हवी हे वेगळं सांगायला नको. पण ओटीपीने हवेतली फ्रेम एन्क्रिप्ट होत नाही. उघड्या नेटवर्कवर तुम्हाला झाकतं ते एचटीटीपीएस. त्यातही साध्या डीएनएसची विचारणा आणि बहुतेक वेळा साइटचं नाव दिसतं, पानातला मजकूर नाही. प्रमाणपत्राची चेतावणी आली तर पुढे जाऊ नका, आणि वापर झाल्यावर ते नेटवर्क फोनमधून 'फरगेट' करा, नाहीतर त्याच नावाच्या कुठल्याही उघड्या नेटवर्कला फोन आपोआप जोडेल.

सह्याद्री४२

आमच्या कॉलेजला युजरनेम-पासवर्डचं वाय-फाय आहे, डब्ल्यूपीए२ एंटरप्राइझ. तिथे हे सगळे प्रश्न सुटतात ना?

बिनतारी

बरेचसे. एंटरप्राइझमागच्या ८०२.१एक्स या मानकात राउटर नुसता निरोप्या. ओळख तपासतो रेडियस सर्व्हर, यूडीपी १८१२वर, आणि हिशेब १८१३वर. प्रत्येकाची पीएमके वेगळी निघते, त्यामुळे शेजारच्या बाकावरचा तुमची पीटीके काढू शकत नाही.

कच्चा दुवा फोनच्या सेटिंगमध्ये असतो. पीईएपी या लॉगिन पद्धतीत आधी टीएलएसचा (एन्क्रिप्टेड) बोगदा, मग आत एमएसचॅप व्ही२ ही पासवर्डची तपासणी. बोगद्याच्या पलीकडे खरंच कॉलेजचा सर्व्हर आहे का, हे त्याच्या प्रमाणपत्रावरून ठरतं. 'प्रमाणपत्र तपासू नका' असं निवडलं तर त्याच नावाचा खोटा राउटर आणि खोटा रेडियस यांच्याशीही फोन बोगदा बांधतो आणि एमएसचॅपचं उत्तर देऊन टाकतो. २०१२ मध्ये दाखवलं गेलं की ते उत्तर फोडणं म्हणजे एकच डीईएस किल्ली शोधणं, ५६ बिट. कॉलेजमध्ये तोच पासवर्ड ईमेल आणि निकालाच्या पोर्टलला असतो, म्हणून नुकसान वाय-फायपुरतं राहत नाही. कॉलेजकडून सीए प्रमाणपत्र आणि सर्व्हरचं डोमेन मागून घ्या, फोनमध्ये दोन्ही भरा. सर्वात पक्कं ईएपी-टीएलएस: पासवर्डच नाही, प्रत्येक उपकरणाला स्वतःचं प्रमाणपत्र. पण ती देणं, मुदत संपली की बदलणं, फोन हरवला की रद्द करणं यासाठी माणूस लागतो, आणि बहुतेक कॉलेजं तिथेच अडतात.

गौरी_आयटी

शेवटचं विचारते. तोच प्रयोग राउटर डब्ल्यूपीए३वर ठेवून केला. वायरशार्कला बरोबर पासवर्ड दिला तरी डेटा उघडत नाही. ईएपीओएलच्या चारही फ्रेम आहेत.

पाचवा_थर

उघडायलाच नको. एसएईमध्ये पीएमके पासवर्डवरून थेट निघत नाही. दोन्ही बाजू त्या वेळी यादृच्छिक संख्या घेतात, कमिट आणि कन्फर्म अशा दोन फेऱ्या होतात आणि दर वेळी नवी पीएमके तयार होते. ऐकणाऱ्याकडे त्या संख्या नसतात, म्हणून पासवर्ड आज किंवा पाच वर्षांनी कळला तरी जुनं कॅप्चर बंदच राहतं. प्रोजेक्टमध्ये डेटा दाखवायचाच असेल तर लिनक्सवर डब्ल्यूपीए सप्लिकंट डीबग मोडमध्ये चालवा, किल्ल्या दाखवायचा पर्याय लावून. त्यातली ३२ बाइटांची पीएमके वायरशार्कमध्ये पासवर्डच्या जागी 'पीएसके' प्रकाराने द्या. कॅप्चरमध्ये ईएपीओएलच्या आधीच्या ऑथेंटिकेशन फ्रेमही बघा: अल्गोरिदम क्रमांक ३ म्हणजे एसएई. डब्ल्यूपीए२च्या कॅप्चरमध्ये तिथे ० असतो.